शेंड्याला हात लावा, मुळांना नको : परसातला सोनचाफा

मॅग्नोलिया हवा म्हणून रोपवाटिकेत येणारे बरेच जण मोबाइलवर एक फोटो दाखवतात. झाडावर पान एकही नाही आणि फांद्या गुलाबी फुलांनी लगडलेल्या. हे झाड सुलांजियाना. १८२० साली पॅरिसजवळ सुलांज-बोदँ या बागकर्त्याने दोन चिनी मॅग्नोलियांचा संकर करून ते मिळवलं. त्याची कळी नीट उमलायला हिवाळ्यात कित्येक आठवडे कडक थंडी लागते. ठाण्यात, पुण्यात, नागपुरात तशी थंडी पडत नाही, आणि आणलेलं रोप वर्ष-दोन वर्षं कुढून मरतं. ऑनलाइन मिळणाऱ्या ‘निळ्या मॅग्नोलियाच्या बिया’ तर घेऊच नका, कारण निळ्या फुलांचा मॅग्नोलिया जगात कुठेच नाही. आपल्या मातीला आणि हवेला मानवणारा मॅग्नोलिया आपल्याकडे फार जुना आहे. तो म्हणजे सोनचाफा.

पूर्वी वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत त्याचं नाव मिशेलिया चंपाका असं होतं. आता मिशेलिया ही प्रजाती मॅग्नोलियातच धरतात, म्हणून तो मॅग्नोलिया चंपाका झाला. चाफा या नावाने मात्र मराठीत भलतीच गर्दी आहे. देवळापाशी असतो तो जाड फांद्यांचा पांढरा चाफा मूळ अमेरिकेतला. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, नागचाफा आणखी वेगळ्या कुळातला, आणि भुईचाफा तर हळदीच्या नात्यातला. रोप घेताना खात्री करायची असेल तर पान तोडून पाहा. पांढऱ्या चाफ्यातून दुधासारखा चीक येतो, सोनचाफ्यातून येत नाही. दुसरी खूण त्याहून पक्की आहे. सोनचाफ्याचा कोवळा शेंडा एका टोपीसारख्या आवरणात गुंडाळलेला असतो. पान उलगडलं की ती टोपी गळते आणि फांदीवर सबंध गोल वळ उठतो, बोटात अंगठी घालून काढल्यावर राहतो तसा. प्रत्येक पानापाशी असा वळ दिसला आणि पान तोडल्यावर चीक आला नाही, तर झाड मॅग्नोलियाच्या कुळातलं समजावं. वड-पिंपळाच्या फांदीवरही असा वळ असतो, पण त्यांतून चीक येतो.

आता निवड. बियांपासून केलेलं रोप स्वस्त मिळतं, जोमाने वाढतं आणि सरळ आभाळाकडे जातं. फूल यायला मात्र सात-आठ वर्षं, कधी दहाही लागतात, आणि तोवर झाड दुमजली घराएवढं होतं. फूल कसं निघेल याचीही खात्री नसते, पाकळी अरुंद, रंग फिका, वास बेताचा असंही होतं. जंगलात हे झाड शंभर फुटांच्या आसपास जातं आणि आसामात लाकडासाठी लावतात, यावरून त्याची मूळ प्रवृत्ती कळते. परसात लावायचं ते कलमच. फूल देणाऱ्या झाडाची काडी असल्याने ते पहिल्या-दुसऱ्या वर्षीच कळी धरतं आणि ठेंगणं ठेवता येतं. कोकणातल्या रोपवाटिकांत ‘वेलणकर’ नावाने मिळणारं कलम चांगलं आहे. फूल भरदार, आणि बहर एका मोसमापुरता राहत नाही.

कलम म्हणून रोप विकलं जात असलं तरी जोड स्वतः पाहा. मातीपासून वीतभर उंचीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखा व्रण दिसला पाहिजे. व्रण नाही आणि खोड सरळसोट आहे, तर ते बियांचं रोप. जोडाच्या खालून फुटवा आला असेल तर तो बियांच्या खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचा असतो, वरच्या कलमाला तो उपाशी मारतो, म्हणून मुळापासून मोडून टाकायला सांगा. दीड-दोन फुटांचं, वर्षभराचं, चार-सहा निरोगी पानांचं कलम घ्या. फूल लागलेलं पाच फुटी रोप मोह पाडतं, पण अशा रोपाची मुळं बहुधा पिशवीच्या तळाशी चक्राकार फिरलेली असतात. पिशवी उचलून खालून पाहा. भोकातून जाड मूळ बाहेर येऊन जमिनीत शिरलं असेल तर ते रोप सोडून द्या, कारण उचलताना तेच मूळ तुटणार.

यामागचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. मॅग्नोलियाच्या सगळ्या भाऊबंदांची मुळं मांसल, जाड आणि ठिसूळ असतात. जास्वंदीचं किंवा मोगऱ्याचं मूळ तुटलं तर आठवड्यात नवे तंतू फुटतात. सोनचाफ्याचं तुटलेलं टोक काळं पडतं, कुजतं, आणि ती कूज वर चढते. शिवाय खाणारी मुळं जमिनीच्या वरच्या फूटभर थरातच पसरतात. म्हणून एकदा लावलं की जागा बदलायची नाही, बुंध्याभोवती कुदळ-विळा चालवायचा नाही, आळं उकरून ‘माती मोकळी’ करायची नाही. तण हाताने उपटा. दरवर्षी दिवाळीनंतर आळ्यात खणती करून खत घालायची आपल्याकडे सवय आहे, आंब्याला ती चालते, सोनचाफ्याला मुळीच नाही. खत वरूनच पसरायचं आणि पालापाचोळ्याने झाकायचं.

जागा अशी बघा की पाच-सहा तास ऊन मिळेल, सकाळचं मिळालं तर उत्तम. भिंतीपासून आणि सांडपाण्याच्या पाइपापासून दहा फूट लांब. दोन झाडं लावायची तर मध्ये दहा फूट. अगदी समुद्राला लागून असाल तर खारा वारा थेट लागणार नाही असा आडोसा हवा, नाहीतर पानांच्या कडा करपतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात पहिली दोन वर्षं पश्चिमेकडून हिरवी जाळी बांधावीच लागते.

माती तपासायची सोपी रीत आहे. कोरडं ढेकूळ घेऊन त्यावर व्हिनेगरचे पाच-सहा थेंब टाका. बुडबुडे येऊन फसफसलं तर मातीत चुनखडी आहे. सोनचाफ्याला किंचित आम्ल माती लागते, त्यामुळे कोकणची जांभ्याची लाल माती त्याला सोसते आणि देशावरची चुनखडीची काळी माती सोसत नाही. काळ्या मातीत त्याला दोन त्रास होतात: चुन्यामुळे लोह मिळत नाही आणि पाणी साचून मुळं कुजतात. तिथे खड्डा खणण्याऐवजी चार फूट व्यासाचा, दीड फूट उंचीचा गोल ओटा करा आणि लाल माती, शेणखत, जाड वाळू मिसळून त्यात लावा.

लाल मातीत खड्डा मे महिन्यात खणून ठेवायचा, दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल. खाली कातळ लागला तर पहारीने फोडून पाणी जायला वाट करा. पंधरा दिवस ऊन खाऊ द्या. भरताना वरच्या थरातली माती, दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, अर्धा किलो निंबोळी पेंड आणि पाव किलो सिंगल सुपर फॉस्फेट एकत्र करा. शेणखत हातात घेतल्यावर भुसभुशीत लागलं पाहिजे आणि शेणाचा वास येता कामा नये. कच्चं शेण खड्ड्यात तापतं, मुळं भाजतात, आणि त्यातून मुळं खाणारी हुमणी अळी येते ती वेगळीच.

लागवड कोकणात जूनच्या अखेरीस, पहिल्या दोन-तीन झडी होऊन गेल्यावर. काळ्या मातीच्या भागात ऑगस्टच्या शेवटी, पावसाचा जोर ओसरल्यावर. पिशवी आदल्या दिवशी भिजवून ठेवा म्हणजे हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटत नाही. आधी ब्लेडने पिशवीचा फक्त तळ गोल कापून काढा, रोप तसंच खड्ड्यात ठेवा, बाजूने माती अर्धी भरा, आणि मग उभी चीर देऊन पिशवी वर ओढून घ्या. अशा रीतीने हुंडी हाताने उचलावीच लागत नाही. कलमाचा जोड जमिनीच्या वर निदान चार ते सहा इंच राहिला पाहिजे. जोड मातीत गाडला गेला तर तिथे बुरशी धरते आणि जोडाखालचे फुटवेही दिसत नाहीत. माती पायाने तुडवायची नाही, हाताने दाबायची. शेजारी बांबूची काठी रोवून सुतळीने आठच्या आकड्यासारखं सैल बांधा.

पाण्याचं सूत्र असं: माती ओलसर हवी, चिखल नको. पहिल्या उन्हाळ्यात दिवसाआड आठ-दहा लिटर, तेही बुंध्यावर न ओतता दीड फूट लांब गोलाकार. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडून भोवती तीन-चार इंच सुका पाला पसरा. पाला खोडाला चिकटला की साल मऊ पडते. पावसाळ्यात आळं मोडून टाका. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर साठवलेलं पावसाचं पाणी निदान कुंडीतल्या झाडाला तरी द्यावं.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते काम, शेंडा खुडणं. कलम लावल्यावर लगेच कळ्या दिसू लागतात. पहिले सहा-आठ महिने त्या काढून टाका. जीवावर येतं, पण मुळं धरायच्या आधी फुललेलं कलम तिथेच थबकतं. रोप अडीच फुटांचं झालं की वरचा दोन बोटं शेंडा नखाने खुडायचा. तीन आठवड्यांत खालच्या पानांच्या बेचक्यांतून चार-पाच फुटवे येतात. त्यांतले वेगवेगळ्या दिशांना जाणारे तीन-चार ठेवा, आत वळणारे काढा. ते दीड-दीड फुटांचे झाले की पुन्हा शेंडे खुडा. असं दोन वर्षं केलं की छत्रीसारखं झाड तयार होतं.

याचा फुलांशी थेट संबंध आहे. सुलांजियानाचं किंवा हिमचंपा या दुसऱ्या मॅग्नोलियाचं फूल फांदीच्या टोकाला येतं, एका टोकाला एकच. सोनचाफ्याचं फूल येतं पानाच्या बेचक्यात, नव्या फुटीवर. जितक्या नव्या काड्या तितकी पानं, आणि जितकी पानं तितक्या कळीच्या जागा. न खुडलेलं झाड चार-पाच लांब काड्या वर घेऊन जातं आणि फुलं पंचवीस फुटांवर जातात. सोनचाफ्याचं लाकूड ठिसूळ असतं, फांदी वाकण्याआधीच काडकन मोडते, आणि फुलांसाठी झाडावर चढण्यात खरा धोका आहे. उंची सात-आठ फुटांवर राखली की जमिनीवर उभं राहून हाताने फुलं निघतात. वसईकडच्या चाफ्याच्या वाड्यांत झाडं अशीच बुटकी राखतात. पहाटे भराभर फुलं काढून लोकलने दादरच्या बाजारात पोचवायची, तर शिडी लावत बसून कसं चालेल?

तिसऱ्या वर्षापासून जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत हलकी छाटणी करा. गेल्या वर्षीच्या काडीचा तिसरा हिस्सा, सुकलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या, बस्स. अंगठ्यापेक्षा जाड फांदी शक्यतो कापू नये, जखम लवकर भरत नाही. कापावीच लागली तर शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना आणि एक लिटर पाणी अशी बोर्डो पेस्ट लावा. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचे, लोखंडी भांडं नको. भर पावसात कात्री लावू नका.

खताचा हात आखडताच बरा. मोठ्या झाडाला जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये दहा-दहा किलो शेणखत आणि अर्धा-अर्धा किलो निंबोळी पेंड पुरते. युरिया घातला तर पानं तळहाताएवढी रुंद, काळपट हिरवी होतात आणि कळी दिसेनाशी होते. ‘झाड छान आहे पण फूल नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा युरिया, सावली किंवा बियांचं रोप यांपैकी काहीतरी असतं.

पानं पिवळी पडली की लोक घाबरून पाणी वाढवतात, आणि नेमकं तेच घातक ठरतं. पिवळेपण तीन तऱ्हांचं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जुनी, खालची पानं पिवळी होऊन गळतात आणि वरून पोपटी पालवी येते. ती नेहमीची पालवीबदल आहे, काही करायचं नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोहाची कमतरता. चिलेटेड लोह एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम घालून संध्याकाळी पानांवर फवारा, दर पंधरा दिवसांनी तीन वेळा. चुनखडीच्या मातीत हे दरवर्षी करावं लागतं. तिसरं पिवळेपण वाईट. सगळीच पानं मलूल होतात, माती ओली असूनही माना टाकतात, शेंडा काळा पडतो. ही मूळकूज. पाणी लगेच बंद करा, पाला बाजूला सारा, साचलेल्या पाण्याला चर काढून द्या आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला तीन ग्रॅम प्रमाणात बुंध्याभोवती ओता. सुरुवातीला लक्षात आलं तर वाचतं.

किडींत खवले कीड आणि पिठ्या ढेकूण त्रासदायक. पानावर काजळी दिसली आणि मुंग्यांची रांग लागली की पान उलटून बघा. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा, पानाच्या खालच्या बाजूने. खोडाला भोक आणि खाली भुसा दिसला तर आत अळी आहे. तार घालून ती मारा, रॉकेलचा बोळा आत सारून भोक चिखलाने लिंपा. पानं कुरतडणाऱ्या हिरव्या अळ्या मात्र बहुधा टेल्ड जे नावाच्या, हिरवे ठिपके असलेल्या चपळ फुलपाखराच्या असतात. चार-सहा पानं गेल्याने झाडाचं काहीच बिघडत नाही, त्या राहू द्या.

एक फूल हातात घेऊन पाकळ्या सोडवून पाहा. बारा-पंधरा पाकळ्या, बाहेरच्या रुंद, आतल्या निमुळत्या. मध्ये एक दांडी उभी. दांडीच्या खालच्या भागाला चिकटून पुंकेसर, मग थोडी उघडी जागा, आणि वर हिरव्या दाण्यांचं कणीस. मध कुठेच नाही. हे कूळ मधमाश्यांच्याही आधीचं असून त्याचं परागीभवन मुख्यतः भुंगेऱ्यांसारखे छोटे कीटक करतात. भ्रमर चंपकाकडे फिरकत नाही, हा संस्कृत कवींचा जुना संकेत पाहणाऱ्याच्या नजरेतून आलेला आहे, असं आम्हांला तरी वाटतं. ते हिरवं कणीस पुढे फुगून फळांचा घोस होतो. घोस लागला की त्या काडीचा सगळा रस बियांकडे जातो आणि फूल थांबतं. म्हणून फुलं न काढता झाडावर ठेवायची असली तरी घोस कोवळे असतानाच तोडा.

बी हवंच असेल, म्हणजे खुंट तयार करायला, तर दोन-चार घोस पिकू द्या. फळ तडकून लालभडक गर दिसला की पाखरांच्या आधी गाठा. गर राखेत चोळून धुऊन काढा आणि बी त्याच दिवशी पेरा. सुकवून डबीत ठेवलेलं बी काही दिवसांतच निकामी होतं. उगवायला दीड-दोन महिने लागतात. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की पाचर कलम करायचं. निवडलेल्या झाडावरची तेवढ्याच जाडीची, चार-पाच इंची काडी घ्या, तिची पानं आठवडाभर आधी देठ ठेवून छाटलेली हवीत. खुंट वीतभर उंचीवर कापून दीड इंच चीर द्या, काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करा आणि निदान एका बाजूची साल सालीला भिडेल अशी बसवा. प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा, वर लांबट पिशवीची टोपी घाला. तीन-चार आठवड्यांत डोळे फुगतात. टोपी संध्याकाळी काढायची, दुपारी काढली तर कोवळी फूट जळते.

जागा कमी असेल तर कवठी चाफा पाहा. हाही मॅग्नोलियाच, सहा-आठ फुटांचं झुडूप, अर्धी सावली आवडणारं. फूल अंड्यासारखं, खाली मान घातलेलं. बाहेरच्या तीन पाकळ्या हिरवट, आतल्या जाड, पांढऱ्या. संध्याकाळी उमलतं, पिकल्या कवठासारखा वास पसरतो आणि सकाळी पाकळ्या गळतात. त्याची पावसाळ्यात गुटी बांधतात. पेन्सिलीएवढ्या फांदीची इंचभर साल गोल काढून, ओलं शेवाळ गुंडाळून, वर प्लास्टिक आवळून बांधायचं. अडीच-तीन महिन्यांत मुळं दिसली की खालून कापायचं. पांढरा सोनचाफा, म्हणजे अल्बा, हा संकर असल्याने बी धरत नाही, तोही कलमानेच वाढवतात. हिमचंपा महाबळेश्वर-बेळगावकडच्या थंडाव्यात बरा, उन्हाच्या मुलखात फार सावकाश वाढतो.

गच्चीवर लावायचा तर दोनशे लिटरचा पिंप आडवा कापून केलेला अर्धा भाग घ्या, तळाला अर्ध्या इंचाची सहा-सात भोकं पाडा, त्यावर विटांचे तुकडे पसरा. चार भाग लाल माती, तीन भाग शेणखत, दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू. पिंप विटांवर उचलून ठेवा, भोकं स्लॅबला टेकली की पाणी तुंबतं.

फुलं काढायची ती पहाटे, कळी पिवळी होऊन टोक नुकतं सुटत असताना. देठासकट, नखाने, फांदी न ओढता. ऊन चढेपर्यंत झाडावर राहिलेलं फूल दुपारी तपकिरी पडतं. ओलं न करता कापडात गुंडाळून ठेवलं तर देवाला संध्याकाळपर्यंत ताजं राहतं. जास्त निघाली तर जुनी रीत आहे: रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत अर्धवट उमललेली फुलं घालायची, चिमूटभर तुरटी विरघळवलेलं उकळून गार केलेलं पाणी काठोकाठ भरायचं, आणि बूच लावायचं. वर हवेचा बुडबुडा राहिला तर तिथली पाकळी काळी पडते. नीट भरलेल्या बाटलीत फुलं कित्येक आठवडे तशीच पिवळीजर्द दिसतात, आणि खिडकीत ठेवली की पाण्यामुळे आहेत त्याहून मोठी.